पहिलं गाणं उघडं राहिलं, बाई

बाई, फुकट वस्तूवर माझा विश्वास नाही, हे मी तुम्हाला पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. वाचनालयाला कुणीतरी दिलेला जुना कॉम्प्युटर तुम्ही टेबलावर मांडला आणि म्हणालात, यात आपण एक ग्रंथालय बसवणार, सॉफ्टवेअर मोफत आहे, जगात कुणीही घ्यावं, उघडून बघावं, बदलावं. मी फडकं हातात धरून उभी होते. म्हटलं, "मोफत कामून? देणाऱ्याला काय मिळतं?"

तुम्ही हसलात. "तुझ्या संशयासाठी एक वेगळं कपाट लागेल, सुनंदा."

अध्यक्ष भगतकाका म्हणाले, तुमच्याविषयी चार शब्द लिही, जन्म कुठला, नोकरी कुठं, ग्रंथपाल म्हणून किती वर्षं, असं. ते सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला जे माहीत आहे ते त्यांच्या कागदावर मावणारं नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते. तुम्ही वाचणार नाही, म्हणून जरा धीर होतोय.

माझा संशय कुठून आला ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. जिंतूरकडून आम्ही उलव्याला आलो तेव्हा मुकादमानं आमची आधार कार्डं "फक्त दाखवायला" म्हणून नेली आणि सहा महिने परत दिली नाहीत. नवरा सेंट्रिंगला जायचा. मी त्या सहा महिन्यांत शिकले, की गोड बोलणाऱ्याच्या हाताकडं बघायचं, तोंडाकडं नाही. मग विचुंब्याच्या वाचनालयात झाडायला आले. तिथं तुम्ही. साठी उलटलेली, एकटी राहणारी, बिनलग्नाची बाई, मला खुर्चीत बसायला सांगते. तुमच्या हाताकडं बघितलं तर हातात काहीच नव्हतं. त्यानंच जास्त भीती वाटली.

तुमचे डोळे तेव्हाच गेल्यात जमा होते. पडद्यावरची अक्षरं तुम्हाला मुंग्यांसारखी दिसायची. म्हणून तुम्ही टाइप करायच्या आणि मी वाचायची. मी आठवीतून शाळा सोडलेली. एबीसीडी ओळखायची, पण शब्दाचा अर्थ लागायचा नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सुरू झाल्या की मी एकेक अक्षर सांगायची. एस, यू, डी, ओ, जागा. मग आडवी रेघ, मग तिरकी रेघ, कुठल्या बाजूला तिरकी तेही. तुमच्या ओळखीच्या एका इंजिनियरनं दोनदा प्रयत्न करून हात टेकले होते, कारण तो ओळी भराभरा वाचायचा आणि तिथं काय असणार ते मनानं धरायचा. मी मनानं काहीच धरू शकत नव्हते. तिसऱ्या आठवड्यात तांबड्या ओळीत एक टिंब जास्त आहे हे मी सांगितलं, तुम्ही ते खोडलं, आणि ते यंत्र सुरू झालं.

"तुला इंग्रजी येत नाही हे माझं नशीब," तुम्ही म्हणालात. मला हसावं की रडावं कळेना. त्या रात्री नवऱ्याला म्हटलं, म्हातारी माझ्या अडाणीपणाचा उपयोग करून घेते. तो म्हणाला, "मग काय झालं, कुणीतरी घेतंय ना."

वही तुम्हीच करायला लावली. कुठल्या वेळी काय टाइप करायचं, ते मी चित्रासारखं उतरवून घ्यायची. महिन्यातून एकदा तुम्ही दुसऱ्या, रिकाम्या डबड्या कॉम्प्युटरवर सगळं ग्रंथालय परत उभं करायला लावायच्या. डिस्कवर प्रत आहे म्हटलं की झालं, असं तुम्हाला चालायचं नाही. "डबा भरलाय म्हणून सांगू नकोस. उघडून, जेवून दाखव." मला वाटायचं, ही माझी परीक्षा घेते आणि एक दिवस नापास म्हणून काढून टाकेल. दर महिन्याला मी पास व्हायची आणि दर महिन्याला माझी खात्री वाढायची की पुढच्या खेपेला नक्की.

आपलं एक भांडण मात्र मिटलंच नाही. तुम्ही म्हणायच्या, जे आहे ते उघडं ठेवावं, कुलपात ज्ञान कुजतं. मी म्हणायची, उघडं ठेवलं की कुत्रं तोंड घालतं. तुम्ही म्हणायच्या, "घालू दे, कुत्र्यालाही भूक असते." मी म्हणायची, "तुमचं घर कधी कुणी लुटलं नाही म्हणून बोलता." यावर तुम्ही चष्मा पुसायला घ्यायच्या. ते पटल्यामुळं की मला वाईट वाटू नये म्हणून, हे मला आजही माहीत नाही.

हिराबाय मात्र माझ्या बाजूची निघाली.

विमानतळाच्या जागेत तिचं गाव गेलं. ती धवलारीण, म्हणजे आगरी लग्नात मांडवाखाली बसून विधींची गाणी म्हणणारी. तिच्यासारख्या आता दोन-तीनच उरल्या, आणि लग्नातसुद्धा लोक तिला पाच मिनिटं गाऊ देतात, मग डीजे लावतात. तिची सगळी गाणी आपल्या ग्रंथालयात ठेवायची, हा तुमचा ध्यास. तुमच्या घरी तिला बोलावलं. मोबाईल उपड्या पातेल्यावर ठेवला. ती पान खात बसून राहिली.

"लगीन नाय, हलद नाय, नवरी नाय. मी काय भितीला गाऊ?"

तुम्ही म्हणालात, "एवढ्यापुरतं समज की आहे नवरी."

"समजून गानं होत नाय. गान्यात नवरीचं नाव लागतं. कुनाचं घालू?"

तुम्ही पदर नीट केलात आणि म्हणालात, "माझं घाल. प्रमिला."

हिराबाय तोंडाला पदर लावून इतकी हसली की पान बाहेर आलं. "तुजं? या वयात?"

"तुझ्या गाण्यात वय विचारतात का?"

"नाय विचारत," ती म्हणाली, आणि एकदम गंभीर झाली. मग डोळे मिटून तिनं तुमच्या नावाची हळद म्हटली. तुम्ही समोर पाटावर बसला होता, मांडीवर हात ठेवून, शाळेतल्या पोरीसारख्या. मी दारात उभी होते. मला तिथून जावंसं वाटत होतं आणि जाता येत नव्हतं.

शेवटी, सगळी गाणी म्हणून झाल्यावर, तिनं अट घातली. "वाचनालयात येऊन आयकायचं. जिच्या घरात लगीन हाय तिनं यावं, शिकून जावं. मोबाईलवर फिरवायचं नाय. प्रमिला, शपथ घे."

तुम्ही शपथ घेतलीत. उघडं ठेवणाऱ्या तुम्ही. मी मनात म्हटलं, बघू किती दिवस टिकते.

दुसऱ्या दिवशी एकेचाळीस गाण्यांपैकी हळदीचं आधी चढवलं. तुमचाच हट्ट. नव्या घरात पहिलं पाऊल हळदीचं पडावं, त्याशिवाय दुसरं काही आत जायचं नाही. बाकीच्या चाळीस गाण्यांना मग दोन दिवस गेले.

वर्षभर सगळं नीट चाललं. बायका यायच्या, कानाला हेडफोन लावून ओठ हलवत बसायच्या. मग एके संध्याकाळी मी उलव्यात भाजी घेत होते. पलीकडच्या सोसायटीत कुणाची तरी हळद. भिंत हलेल असा डीजे. त्या धाडधाड आवाजाच्या पोटातून हिराबायचा आवाज आला. आधी वाटलं भास आहे. मग तुमचं नाव आलं. प्रमिला नवरी. ते नाव त्यांनी कापून पुन्हा पुन्हा लावलं होतं, प्रमिला, प्रमिला, प्रमिला, आणि पोरं हात वर करून नाचत होती.

मी भाजी तिथंच विसरले.

सकाळी तुमच्यापर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. तुमच्या वहिनींनी फोन करून सांगितलं होतं, हसत, की अगं, उलव्यात तुझी हळद झाली म्हणे. तुम्ही खुर्चीत बसला होता. चष्मा काढून ठेवलेला. मला म्हणालात, "सुनंदा, ते गाणं तुझ्या मोबाईलमध्ये होतं का?"

"नव्हतं."

"तू काल ऐकलंस?"

"नाही."

पहिलं खरं होतं. दुसरं खोटं. ऐकलं म्हटलं असतं तर कुठं, कधी, तिथं काय करत होतीस, असं पुढं पुढं गेलं असतं, आणि उलव्यात राहणारी वाचनालयात मी एकटीच. तुम्ही म्हणालात, "बरं." एवढंच. त्या "बरं"वर मी पंधरा दिवस झोपले नाही.

आता सांगायला हरकत नाही. मी तुमच्यावर संशय घेतला. उघडं ठेवा, उघडं ठेवा म्हणणारं कोण? तुम्ही. तुमच्या भाच्याचं लग्न कधी? दोन महिन्यांपूर्वी. मी मनात सगळे पुरावे मांडले. तुम्हीच भाच्याला दिलं असणार, त्यानं पुढं फिरवलं असणार, आणि आता सोयीनं माझ्याकडं बोट. तुमचा चहा मी ठेवायची, पण तुमच्याकडं बघायची नाही. तुम्ही दोनदा काहीतरी बोलायला सुरुवात केली होती. एकदा "अगं, ते गाणं" इतकं म्हणालात. मी म्हटलं, "फरशी ओली आहे, बाई, पाय जपून." आणि बादली घेऊन बाहेर गेले.

मग त्या सकाळी शेजारच्यांचा फोन आला. चहा घेता घेता गेलात म्हणाले.

तेराव्यानंतर भगतकाकांनी मला बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत, त्यांना फक्त भानगड नको असते. म्हणाले, "हे बघ, कुणी काय केलं त्यात मला जायचं नाही. हिराबायचा निरोप आलाय, सगळी गाणी पुसा. पुसून टाक. मग पासवर्ड आणि चाव्या दे. कॉम्प्युटर शिकलेला कुणीतरी बघू."

"मी काय केलं, काका?"

"मी म्हटलं का तू केलंस? पण लोक बोलतात ना."

त्याच दुपारी पुसायला बसले. वही उघडली, आत गेले, हिराबायची यादी काढली. चाळीस गाणी. पुन्हा मोजली. चाळीस. हळद नव्हती. आधी वाटलं, कुणीतरी पुसली. मग तुम्ही शिकवलेलं आठवलं, की एखादी गोष्ट न पुसता मागे घेता येते, ती वाचकाला दिसत नाही पण फडताळात राहते. मागे घेतलेल्यांच्या यादीत ती होती. आणि तिच्याखाली त्या यंत्राच्या सवयीप्रमाणं लिहिलेलं होतं, कुणी मागे घेतली आणि कधी. तुमचं नाव. मला ते "बरं" म्हणालात त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख.

त्या दिवशी माझी सुट्टी होती. तुम्ही एकट्या आला असणार. त्या डोळ्यांनी, भिंग पडद्याला टेकवून, एकेक अक्षर शोधत. किती वेळ लागला असेल, बाई?

मी त्या गाण्याच्या हक्कांचं पान उघडलं. कुणी ऐकावं, कुणी नाही, ते जिथं लिहिलेलं असतं तिथं. बाकीच्या चाळीस गाण्यांना "सदस्य" होतं. याच्यापुढं अजून तो शब्द होता. ए, एन, ओ, एन, वाय, एम, ओ, यू, एस. अनॉनिमस. तुम्ही सांगितलं होतं तेव्हा अर्थ. "म्हणजे कोणीही. नेटवरून, नाव न सांगता येणारा कोणीही." मी दचकून म्हटलं होतं, "कोणीही कामून?" तेव्हा तुम्ही गाण्यांच्या सगळ्या कप्प्याचा नियम बदलून "सदस्य" करायला लावलात. आणि मग म्हणालात, ही कडी पुढं येणाऱ्या गाण्यांना. हळद आधीच आत गेलीय, तिला तिची वेगळी कडी लावावी लागेल, आत्ताच लाव.

माझं लक्ष घड्याळाकडं होतं. अंगणवाडी सुटायची वेळ, पोरगी तिथं उभी असणार. मी म्हटलं, "लावते." दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलं, "लावलीस?" मी म्हटलं, "लावली."

मी लावली नव्हती. खोटं बोलायचं म्हणून बोलले असंही नाही. मला खरंच वाटलं होतं की लावली. जगातल्या प्रत्येक दाराकडं संशयानं बघणारी मी, आणि एकच दार माझ्या हातचं होतं ते वर्षभर सताड.

तुम्हाला ते दुसऱ्याच दिवशी कळलं. तरी पंधरा दिवस तुम्ही माझ्या हातचा चहा घेतलात, आणि मी तुमच्या भाच्याचा हिशोब मांडत होते. बाई, मला तुमचा राग आला. कपाळाला हात लावून मी तिथं बसले आणि तुम्हाला मोठ्यानं विचारलं, का नाही बोललात? शिव्या द्यायच्या होत्या. मी म्हणजे कुणी परकी होते का?

पुसलं नाही काही. हिराबायकडं गेले. आता ती लेकाच्या नव्या घरात दुसऱ्या मजल्यावर असते. गॅलरीत सुकट निवडत बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं, गाणं माझ्यामुळं गेलं, कडी लावायची राहिली.

तिनं वर बघितलं नाही. "म्हंजे चोर तूच."

"चोर नाही. पण दार उघडं मी ठेवलं."

"मंग प्रमिला कशाला बोलली तिची चूक हाय म्हनून?"

मला कळलं नाही. ती सुकटीचं सूप बाजूला ठेवून म्हणाली, "आली होती ती. इथंच बसली. माझ्याकडून ऱ्हायलं, हिरा, डोल्यांनी दिसत नाय मना, असं बोलली. मी लय बोलली तिला. तुज्या शपथेला काय अर्थ, असं पन बोलली. ती आयकत बसली. जाताना मीच बोलली, तुज्या त्या पोरीचं काम असंल. तर बोलली, असलं तरी तिला बोलू नको. ती पलून जाईल."

गॅलरीखालून सिमेंटची गाडी गेली.

"पलून गेली असतीस का गो?"

मी विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं आता. "हो. त्याच दिवशी. पोरीला घेऊन जिंतूरची गाडी धरली असती."

"मंग बरोबर बोलली ती."

बाई, हे मला अजून नीट गिळता येत नाही. माझी चूक तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलीत, बोलणी खाल्लीत, आणि ती तशीच घेऊन गेलात. त्याचे उपकार मी कसे मोजू? पण मी उभी राहीन, असा तुम्हाला माझा भरवसा नव्हता, हेही त्यातच आलं. मी तुमच्यावर संशय घेतला आणि तुम्ही माझ्यावर. फरक इतकाच, की तुमचा खरा ठरला. तुम्ही असता तर यावर आपण भांडलो असतो. मी म्हटलं असतं, बोलून तरी बघायचं होतं. तुम्ही म्हणाला असता, बोलायला आले तेव्हा तू बादली घेऊन गेलीस.

हिराबाय म्हणाली, "आता काय करायचं बोलतंस?"

"तुम्ही पुसा म्हणाला होता. म्हणाल तर आत्ता जाऊन पुसते."

तिनं बोटावरची टरफलं झटकली. "आमच्यात हलद लागलेली नवरी घराबाहेर जात नाय. प्रमिलाला हलद मी लावली. ती पुसायची कशी? ऱ्हाऊ दे. पन जिनं दार उगडं टाकलं तिलाच राखनीला बसवीन मी. तिला झोप लागायची नाय. दुसरा कोन येनार असंल तर सगलं पुसून टाक. भगताला सांग, हिरा असं बोलली."

मी दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या बैठकीत गेले. सातजण होते. बसायला कुणी सांगितलं नाही, मी बसले. जे झालं ते सांगितलं, हळदीपासून, अंगणवाडीच्या घड्याळासकट. उलव्यात ते गाणं मी ऐकलं होतं आणि बाईंना नाही म्हटलं होतं, तेही सांगितलं. एकजण म्हणाला, बाईंनी तर स्वतःची चूक म्हणून लिहून दिलं होतं. भगतकाकांनी टेबलाच्या खणातून तो कागद काढला. तुमचं थरथरतं अक्षर. मला तो वाचायला दिला. मी वाचला, आणि म्हटलं, हा कागद खोटा आहे, बाई चांगल्या होत्या म्हणून खोटा आहे.

भगतकाका म्हणाले, "म्हणजे चूक तुझी, आणि चावीपण तुझ्याकडेच ठेवायची म्हणतेस?"

"हो. कुठली कडी राहते ते मला माहीत आहे. नव्या माणसाला ते कळायला अजून एक चूक करावी लागेल."

कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत. म्हणाले, "विचार करून सांगतो."

त्याला आता एकवीस दिवस झाले. सांगितलेलं नाही. का सांगत नाहीत, याचा मी रोज विचार करते. कदाचित आतून माणूस शोधत असतील. कदाचित मी कंटाळून जावं म्हणून वाट बघत असतील. हिराबायच्या चाळीस गाण्यांचे हक्क मी पुन्हा एकेक अक्षर वाचून तपासले, हळदीची कडी लावून तिला परत यादीत ठेवली. काल दोन बायका ऐकायला आल्या होत्या, एकीच्या मुलीचं लग्न ठरलंय. ती म्हणाली, नवरीच्या जागी प्रमिला कोण? मी म्हटलं, आमच्या बाई.

रोज सकाळी वाटतं, आज ते मला जा म्हणतील. रोज सकाळी मी येते.